खारवलेल्या बियांचा पावसाळा

लग्न होऊन बंगळूरला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मी लोणच्यातल्या करवंदांच्या बिया जमिनीत पेरल्या. हे मुद्दाम आधीच सांगून टाकते. पुढं कुठं सांगितलं तर तोवर माझ्याविषयी तुमचं बरं मत झालेलं असेल, आणि ते मोडायला मलाच वाईट वाटेल. लोणच्यातल्या बिया, बरं का. मीठ, हळद, हिंग, मोहरी आणि तेलात मुरलेल्या. त्याही कच्च्या करवंदांच्या, कारण लोणचं कच्च्याचंच घालतात. आणि हे करणारी कोण, तर बेळगावच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी. एस्सी. झालेली मुलगी. बी कशी रुजते यावर तिनं परीक्षेत पानंच्या पानं भरली होती, आकृत्यांसकट. त्या आकृत्यांतल्या बीला कुणी मीठ लावलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

ती मुलगी आता गाठता आली असती तर वेणीला धरून विचारलं असतं, बाई गं, परीक्षकांनी तुला काय बघून गुण दिले? पण ती सापडत नाही. अधूनमधून आरशात तिचं नाक दिसतं, तेवढंच.

परवा खानापूरहून भाच्यानं रात्रीच्या बसनं करवंदांचं खोकं पाठवलं. वर पळसाची पानं, खाली काळी, पिकून फुटायला आलेली फळं. खोक्याचा तळ जांभळा झालेला आणि त्या चिकाच्या, गोडसर, किंचित कुबट वासानं सगळा हॉल भरून गेलेला. माझी सून केतकी पुण्याची, इंदिरानगरातल्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. ती घाईघाईनं निघता निघता म्हणाली, आई, हे सगळं वॉश करून फ्रिजमध्ये टाकू का? मी म्हटलं, खोक्याला हात लावलास तर ऑफिसला जांभळ्या बोटांनी जाशील. ती हसली आणि गेली. मी जमिनीवर फतकल मारून बसले. एक करवंद उचललं, दातानं अर्धं तोडलं, आत बघितलं. लालभडक. म्हणजे कोंबडा. दुसरं फिकट निघालं, ती कोंबडी. लहानपणी आम्ही भावंडं यावर पैजा लावत असू आणि ज्याला कोंबडी येई तो उरलेली करवंदं हरे. आता पैज लावायला कुणी नव्हतं, म्हणून मी माझ्याशीच लावली आणि माझ्याशीच जिंकले.

पण ही करवंदं खायला मागवलेली नाहीत. पेरायला मागवली आहेत.

आमच्या मागच्या अंगणात कोपऱ्यात करवंदाची जाळी होती. माझीच. चाळीसहून जास्त वर्षांची. गेल्या वर्षी जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला तडा गेला, आणि खणल्यावर कळलं की माझ्या जाळीची मुळं टाकीच्या भिंतीत शिरलीत. दुसरा इलाज नव्हता. मुलगा मला विचारायला आला तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं की मलाच त्याची समजूत घालावी लागली. काढ म्हटलं. माणसं पाण्यावर जगतात, जाळीवर नाही. सगळ्यांना वाटलं आता म्हातारी चार दिवस जेवणार नाही. म्हातारीनं त्या रात्री दोन वाट्या बिसिबेळे भात खाल्ला आणि जाहीर केलं, पुढच्या मे-जूनमध्ये ताजी पिकलेली करवंदं येतील, त्यांच्या बिया त्याच दिवशी रुजत घालीन, टाकीपासून लांब, पूर्वेच्या भिंतीला.

मुलगा होसकोट्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, हिशेबाला पक्का. बीपासून करवंदाला फळ यायला तीन-चार वर्षं सहज लागतात. त्यानं मनातल्या मनात ती चार वर्षं माझ्या वयात मिळवली आणि बेरीज होताच नजर वळवली. म्हणाला, आई, नर्सरीतून मोठं झाडच आणू या की, लगेच फळं. मी म्हटलं, बाळा, बेरीज मलाही येते. आणि बीच लावणार.

आमच्याकडं खानापुरात करवंदाची जाळी कुणी लावत नाही. तिला कुणी विचारतही नाही. खडकातून, लाल मातीतून, गुरांच्या वाटेवर ती आपली आपण येते आणि तिथंच ठाण मांडते. फेब्रुवारीत पांढरी चांदणीसारखी फुलं, त्यांना जाईसारखा वास. मग हिरवी फळं, तोडली की देठातून पांढरा चीक. मग काळी. काटे असे की तोडणाऱ्याच्या हातावर नकाशा उमटावा. मी त्या जाळ्यांत वाढलेली. त्यामुळं करवंद लावायचं असतं हेच मला माहीत नव्हतं, आणि कसं लावायचं ते तर त्याहून नाही. पदवी वेगळी आणि करवंद वेगळं.

बंगळूरच्या या बनशंकरी भागात लग्न होऊन आले तेव्हा आमच्या आजूबाजूला घरं कमी आणि मोकळ्या जागा जास्त होत्या. घरात माणसं तीन. हे, ह्यांची आई, आणि मी. सासरे पूर्वीच गेलेले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांचं घराणं इथलं फार जुनं, मराठी बोलताना अर्धी वाक्यं कन्नडच्या अंगणातून फिरून यायची. मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, पोरी, स्वल्प विश्रांती घे, मग ऊट करू. मी मनात म्हटलं, जेवणाला ऊट म्हणणारी ही कुठली मराठी. आता माझी नातवंडं माझ्या मराठीविषयी तेच म्हणतात, म्हणजे फिट्टंफाट झाली.

मला काहीच आवडलं नाही. पाऊस आवडला नाही. खानापूरचा पाऊस एकदा बसला की महिनाभर उठायचा नाही. इथला संध्याकाळी पाहुण्यासारखा यायचा, चहा घेऊन जायचा. पोळ्या आवडल्या नाहीत, सांबार गोड लागलं, हे कारखान्याच्या पाळीला गेले की घर गप्प व्हायचं तेही आवडलं नाही. पहिल्या दसऱ्याला भाऊ मला न्यायला येणार होता, रीतच होती तशी. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की जायचं ते परत यायचंच नाही. मग एका दुपारी आईनं दिलेली करवंदाच्या लोणच्याची बरणी उघडली, वास आला, आणि माझ्या सुपीक डोक्यात नवस उगवला. या अंगणात करवंद रुजवायचं. दसऱ्याच्या आत रुजलं तर परत यायचं. नाही रुजलं तर ही जमीन आपली नाही, माहेरीच राहायचं. एवढा मोठा निर्णय मी एका झुडपावर सोपवला. त्या काळी मुलींना असले नवस सुचायचे. आता सुचत असतील तर निदान पेरायच्या आधी फोनवर बघून घेत असतील.

जागा मागितली ती मागच्या अंगणातल्या कोपऱ्याची. तिथं दिवसभर ऊन असायचं आणि पाणी उतारानं आपोआप गटाराकडं जायचं. पंचाईत अशी की तो कोपरा आधीच आत्याबाईंचा होता. त्यांना तिथं धुण्याचा दगड बसवायचा होता. जुना दगड जमिनीलगत, वाकून वाकून त्यांची कंबर गेलेली. नवा ग्रॅनाइटचा, कमरेइतक्या उंचीचा दगड आणून भिंतीला टेकवूनही ठेवला होता, मेस्त्री तेवढा मिळायचा होता. मी म्हटलं, मला तिथं करवंद लावायचंय. आमच्याकडं दगडावरसुद्धा येतं. आत्याबाईंनी दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, सरी. दसऱ्यापर्यंत बघू, मेस्त्रीला तेव्हाच बोलावते.

त्यांचं हे कन्नड सरी, म्हणजे बरं, फार लांब पल्ल्याचं असायचं. त्यात हो असायचं, नाही असायचं, कधी कधी तुझं डोकं ठिकाणावर आहे का हेही असायचं. तेव्हा मला त्यातलं हो तेवढं ऐकू आलं.

मग लोणच्याची शस्त्रक्रिया. बरणीतली करवंदं ताटलीत काढायची, दाढीच्या पात्यानं चीर द्यायची, सुईच्या टोकानं आतल्या चपट्या बिया काढायच्या, आणि करवंद पुन्हा मिटवून बरणीत. बिया पाण्यानं धुऊन वर्तमानपत्रावर वाळवल्या. कागदाला तेलाचे डाग पडले, हिंगाचा वास सुटला, तरी मला काही शंका आली नाही. हे जेवताना करवंद तोंडात घालून थबकले. म्हणाले, आज लोणचं पोकळ का लागतंय? मी म्हटलं, खानापूरकडं हल्ली असंच येतं. अजून घरात पाहुणे आले की हे पोकळ लोणच्याची गोष्ट सांगतात आणि नको तेव्हा ऐकू न येणारे त्यांचे कान तेवढ्यापुरते ठीक होतात.

आळं केलं, पेरलं, पाणी घातलं. पाऊस पडत असतानाही घातलं. शेजारच्या अक्का भिंतीवरून बघायच्या, भर पावसात छत्री घेऊन पाणी घालणारी नवी सून. त्यांनी कुणाकुणाला सांगितलं असेल ते असो. मी सकाळी उठले की कोपरा, दुपारी भांडी झाली की कोपरा, संध्याकाळी पुन्हा कोपरा. तिथं बसून गवत उपटायचं, खडे वेचायचे, मुंग्यांशी भांडायचं. जुन्या दगडावर आत्याबाईंचे कपडे आपटल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा, मग एक हात कमरेवर ठेवून त्या सरळ व्हायच्या. मला ते दिसायचं. पण विशीतल्या माणसाला दिसतं खूप, कळत काही नाही.

या वेळी, परवा, मी कसं पेरलं तेही सांगते. पिकलेली फळं पाण्यात कुस्करली, गर काढला, तळाशी बसलेल्या जड बिया घेतल्या, तरंगणाऱ्या टाकल्या. वाळवत बसले नाही, करवंदाची बी फार दिवस वाट बघत नाही. वाळू, माती आणि थोडं शेणखत, बोटाच्या पेरापेक्षाही कमी खोल. पाणी फक्त शिंपडायचं. ट्रे पूर्वेच्या भिंतीशी ठेवलाय आणि केतकीनं त्यावर मांजर बसू नये म्हणून ओव्हनची जाळी आणून घातलीय, न विचारता. अजून काही उगवलेलं नाही. उगवेल. नाही उगवलं तर भाच्याला पुन्हा फोन करीन, अजून आठवडाभर तिकडं फळं आहेत. तेही नाही साधलं तर पुढचा मे आहे. मी कुठं चाललेय?

तर त्या वर्षी, आषाढ संपता संपता, कोपऱ्यात दोन हिरवी पानं दिसली.

त्या क्षणाचा आनंद मी अजून कमी करून सांगू शकत नाही, कितीही हसले तरी. मी तिथंच मातीत बसले आणि रडले. मग शास्त्र आठवलं. करवंदाची पानं समोरासमोर असतात. ही समोरासमोर होती. करवंदाला चीक असतो. मी पानाचा कोपरा नखानं तोडला, पांढरा थेंब आला. सिद्ध झालं. पहिला वर्ग उगाच मिळत नाही. मी आत जाऊन जाहीर केलं, करवंद रुजलं. आत्याबाई पोहे निवडत होत्या. उठल्या, माझ्यामागून कोपऱ्यापर्यंत आल्या, वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, सरी. चांगलं आहे. पाणी स्वल्प कमी घाल.

ते रोप झपाट्यानं वाढायला लागलं. करवंद खरं तर फार सावकाश वाढतं, पण मला वाटलं, माझी निगराणी. पानं रुंद झाली. करवंदाची पानं लहान, चकचकीत, गर्द असतात, ही तळहाताएवढी, जाडजूड, वर पांढुरकी लव. मी ह्यांना म्हटलं, इथल्या मातीत जोर जास्त आहे. काटे कुठायत, ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, काटे मोठेपणी येतात. असं एक वाक्य मी खरोखर बोलले आहे, आणि त्याला साक्षीदार जिवंत आहे.

करवंद सदाहरित. कॉलेजात आम्ही हा शब्द घोकला होता, पण त्याचा अर्थ मला जाळी वाढवताना कळला. सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत असं नव्हे. गळतात. पळसासारखी एकदम, सगळ्या गावाला दाखवून नाही. एकेक करून, खालच्या बाजूनं, नवं पान आलं की मगच जुनं. वरून बघणाऱ्याला झुडूप हिरवंच दिसतं. काही माणसंही तशी असतात. त्यांचं काय गळालं ते कळायला झुडपाच्या बुडाशी वाकून बघावं लागतं, आणि मी तेव्हा वाकत होते ती फक्त माझ्या रोपाकडं.

भाद्रपद सरला. दसरा आठवड्यावर आला. भावाचा येण्याचा दिवस ठरला. मी मनातल्या मनात जिंकले होते, करवंद रुजलं होतं, म्हणजे परत यायचं. कौल मिळाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी सांबारसुद्धा दोनदा घेतलं. परत यायला मिळणार म्हणून बरं वाटतंय, ही गोष्ट जरा विचित्र आहे असं मात्र मला वाटलं नाही.

आणि शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या अक्का आल्या. कन्नडमधून आत्याबाईंना म्हणाल्या, उद्या शनिवार, आंजनेयाच्या हाराला पानं कमी पडतात, तुमच्या कोपऱ्यातली थोडी एक्कद एले देता का, छान वाढलीय. खानापूरची असल्यानं मला कन्नड समजत होतं, हेच दुर्दैव. एक्क म्हणजे रुई. पडक्या भिंतीत, उकिरड्यावर, रस्त्याकडेला कुणी न लावता येणारी रुई. पानं समोरासमोर, चीक पांढरा. तिची बी कापसाच्या भुऱ्या पिसावर बसून वाऱ्यावर उडते, आम्ही मुलं तिला म्हातारी म्हणायचो आणि पकडायला धावायचो. तशीच एखादी म्हातारी माझ्या आळ्यात उतरली होती, आणि मी तिला दोन महिने करवंद म्हणून जोजवत होते.

आत्याबाई अक्कांना शांतपणे म्हणाल्या की ती पानं सुनेची आहेत, तोडायची नाहीत, रस्त्याच्या टोकाला मोकळ्या जागेत पुष्कळ आहेत, मी सकाळी जाते तेव्हा तुमच्यासाठीही आणते. तेव्हा मला आठवलं. दर शनिवारी पहाटे, दुखती कंबर घेऊन, हातात परडी घेऊन आत्याबाई बाहेर जायच्या आणि मारुतीसाठी रुईची पानं घेऊन यायच्या. मी आल्यापासूनच्या प्रत्येक शनिवारी. त्यांच्या स्वतःच्या अंगणात गुडघाभर रुई उभी होती, तेव्हासुद्धा. म्हणजे त्यांना पहिल्या दोन पानांपासून माहीत होतं.

मी रात्री जेवले नाही. ह्यांना वाटलं पोट बिघडलं. मी पडून छताकडं बघत नवसाचा हिशेब करत होते. करवंद रुजलं नाही, म्हणजे कौल नाहीचा. मी बॅग भरली. सगळ्या साड्या भरल्या, चार दिवसांच्या माहेरपणाला लागत नाहीत तेवढ्या. लोणच्याची रिकामी बरणीही भरली.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आला. सिमेंट, वाळू, थापी. मी स्वतःहून मागं गेले. म्हटलं, आत्याबाई, माझं काही रुजलेलं नाही. रुई आहे ती. बसवा तुमचा दगड इथं. आणि रोप उपटायला वाकले. त्यांनी माझं मनगट धरलं. चीक डोळ्यांत जाईल, एवढंच म्हणाल्या. मग मेस्त्रीला सांगितलं, दगड तिकडे नारळाखाली बसव. मेस्त्री म्हणाला, अम्मा, तिथं उतार उलटा आहे, जन्मभर पाणी साचेल. त्या म्हणाल्या, साचू दे, खराटा आहे. आणि खरंच पुढं त्या दगडाशी त्या रोज खराट्यानं पाणी लोटत राहिल्या. त्यांच्यानंतर मी लोटलं.

मेस्त्री दगड सरकवायला गेला. आम्ही दोघी त्या रुईपाशी उभ्या. मी म्हटलं, या कोपऱ्यात आता काही नाही, मग हा मोकळा ठेवून काय करायचं? आत्याबाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्याकडं न बघता बोलल्या. शब्द न शब्द त्यांचाच आहे:

"अगं, दगड काय, कुठंही बसतो. तू आलीस तेव्हा रोज संध्याकाळी पायरीवर गेटाकडं तोंड करून बसायचीस. मी मनात म्हटलं, ही पोर राहायची नाही. मग या कोपऱ्यात काय पुरलंस देवाला ठाऊक, पण तेव्हापासून गेटाकडं पाठ करून बसतेस. मला झाड नको, फळ नको. पुढच्या वर्षी आण तुला काय आणायचं ते. नाही आलं तर परत आण. तू तशीच बस."